पत्त्यांचें कपट व पत्त्यांची जादू : एर्डनेसकृत ग्रंथाची साधन म्हणून परीक्षा

पत्त्यांवर हात बसलेल्या मनुष्यापुढें उपजीविकेचे तीन मार्ग असतात. त्यानें जुगाराच्या बैठकींत बसून लोकांस लुबाडावें. रंगभूमीवर उभें राहून जादूगार म्हणून त्यांचें रंजन करावें. किंवा जुगारी कसे फसवितात हें उघड करून दाखवावें व त्या प्रात्यक्षिकाचें मोल घ्यावें. पहिला मार्ग दंडार्ह असल्यामुळें त्याचीं लेखी साधनें क्वचितच उरतात. दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाचें वाङ्मय मात्र युरोप-अमेरिकेंत विपुल असून जुन्या ग्रंथांच्या संग्राहकांत त्यास चांगली किंमत येते. अडचण अशी कीं, पहिल्या मार्गाचा इतिहास लिहूं जाणारा मनुष्य तिसऱ्या मार्गाच्या लोकांचीं पुस्तकें प्रमाण धरून चालतो. तीं कितपत प्रमाण धरावींत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याकरितां शिकागो येथें १९०२ सालीं निघालेला एस्. डब्ल्यू. एर्डनेस याचा ग्रंथ आम्हीं मुख्य साधन म्हणून घेतला आहे.

जुगारी व मायावी यांतील भेद आपल्याकडील शास्त्रकारांस ठाऊक होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत द्यूताध्यक्षानें पुरविलेल्या फाशांऐवजीं दुसरे फासे घालणारास बारा पण दंड सांगितला आहे, व कूटकर्म करणारास पूर्वसाहसदंड सांगून जिंकलेलें द्रव्य परत घेण्याची आज्ञा केली आहे. कुहकांचा, म्हणजे मायावी लोकांचा, उल्लेख मात्र चवथ्या अधिकरणांत, कण्टकशोधनांत येतो. एकाच हस्तलाघवाचे हे दोन उपयोग दोन वेगळ्या अधिकरणांत पडले आहेत. कपट उघड करून दाखविण्यावर पोट भरणारा जो तिसरा इसम, त्याचें नांव या ठिकाणीं नाहीं.

युरोपांत हा तिसरा इसम हळूहळू आकारास आला. रेजिनाल्ड स्कॉट यानें १५८४ सालीं चेटूकविषयक आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ छापला. चेटकीण म्हणून म्हाताऱ्या बायकांस छळणें अन्यायाचें आहे हें दाखविण्याकरितां त्यानें जादूगारांच्या युक्त्या फोडून सांगितल्या, व त्या शिकण्याच्या कामीं लंडनमधील कॉताऱ्ह नांवाच्या एका फ्रेंच खेळियाचा त्यास उपयोग झाला. त्यांत पत्त्यांवर एक प्रकरण आहे. विनोदाकरितां केलेली हातचलाखी निर्दोष असें स्कॉट मानतो, पण त्याच प्रकरणांत तो अनोळखी मंडळींत पत्ते खेळण्याविषयीं बजावतो, आणि जो भोळा किंवा झिंगलेला दिसतो त्याचेंच विशेष भय धरावें म्हणतो. म्हणजे जादू व कपट हीं एकाच प्रकरणांत शेजारीं बसलीं, तरी लेखक दोहोंच्या बाहेर उभा आहे. तो न्यायाधीश व वाचक यांच्याशीं बोलतो, प्रेक्षकांशीं नव्हे. पुढील लेखकांविषयीं असें म्हणतां येत नाहीं.

फ्रेंच जादूगार रोबेर-ऊदँ याचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. त्यानें १८६१ सालीं पॅरिस येथें जुगाऱ्यांच्या लबाड्या उघड करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. (पत्त्यांत लबाडी करणारास त्या काळीं फ्रेंच भाषेंत 'ग्रीक' म्हणत, ग्रंथाच्या नांवांतहि तोच शब्द आहे.) हा विषय आपल्याकडे कसा आला हें तो स्वतः सांगतो. १८४९ सालीं एका चौकशी-न्यायाधीशानें संशयिताजवळ सांपडलेले पत्त्यांचे दीडशें जोड त्याच्याकडे तपासणीस पाठविले. पानांच्या पाठी अगदीं पांढऱ्या, तुळतुळीत. सुमारें पंधरवडाभर त्यानें एकेक पान नुसत्या डोळ्यांनीं व भिंगानें पाहिलें. कांहीं हातीं लागेना. शेवटीं वैतागून एक जोड त्यानें मेजावर फेकला, तेव्हां एका पानाच्या चकचकीत पाठीवर, कोपऱ्याजवळ, एक फिकट ठिपका त्यास दिसला. जवळ जातां तो नाहींसा होई, व दूर होतां पुनः दिसे. चकाकी तेवढ्या जागीं मारून खूण केली होती, व तिच्या स्थानावरून पानाची किंमत कळत होती.

ही हकीकत आम्ही खरी मानतों, कारण तींत रोबेर-ऊदँ याच्या कौशल्याचा गौरव नाहीं. पंधरवडाभराचें अपयश व एक अपघात एवढेंच तींत आहे. त्याच ग्रंथांतील ठकांच्या रंगविलेल्या गोष्टी, त्यांचे संवाद व वेष, हीं कादंबरीकाराच्या थाटाचीं असून त्यांस हा गुण नाहीं. एकाच ग्रंथांतील दोन मजकुरांचें वजन असें निरनिराळें पडतें, ही गोष्ट बखरी वाचणारांस नवी नाहीं.

प्रात्यक्षिक करणारावर विश्वास ठेवण्यांत काय धोका आहे, तें अमेरिकेंतील जोनाथन हॅरिंग्टन ग्रीन (१८१३-१८८७) याच्या चरित्रांत दिसतें. हा स्वतः जुगारी होता. पुढें अनुतप्त होऊन १८४० नंतरच्या दशकांत जुगाराविरुद्ध गांवोगांव व्याख्यानें देऊं लागला. श्रोत्यांपैकीं कोणीं बाजारांतून नवा जोड विकत आणावा, व ग्रीननें त्याचीं पानें पाठीकडून ओळखून दाखवावींत, हा त्याच्या व्याख्यानांतील मुख्य प्रयोग. कारखानदारच पानांवर खुणा करून विकतात, असा त्याचा सिद्धान्त होता. परंतु हें ओळखणें खुणांनीं नव्हे, तर समोर दडविलेल्या लहानशा आरशानें होई, असें पुढील इतिहासकारांनीं लिहिलें आहे. असा आरसा हें जुगाऱ्यांचें खरें हत्यार. पण ग्रीन त्याच्याविषयीं मौन धरून भलत्याच कपटाचा पुरावा म्हणून तें वापरीत होता. श्रोत्यांनीं पाहिली ती जादूच होती. फक्त तिला जादू म्हटलें नव्हतें. ग्रीनच्या व्याख्यानावरून त्या काळचे अमेरिकन पत्ते खुणांचे होते असें जो लिहील, तो त्या श्रोत्यांच्या रांगेंतच जाऊन बसेल.

लंडनचा जादूगार जॉन नेव्हिल मॅस्केलिन याच्या १८९४ सालच्या ग्रंथाविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांत यंत्रांचा भाग मोठा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील केप्लिंगर नांवाच्या जुगाऱ्यानें बाहींतून पान आंत-बाहेर करणारें, गुडघ्यांनीं चालणारें यंत्र केलें होतें. १८८८ सालीं सोबतच्या ठकांनीं त्यास धरून झडती घेतली, व असेंच यंत्र आपणांसहि करून द्यावें अशी अट घातली, ही हकीकत त्यांतच आहे. यंत्र हें वस्तुरूप असल्यामुळें त्याचें वर्णन तपासतां येतें. हाताच्या चालींचें तसें नाहीं.

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. त्याचें नामपत्र व वेष्टन यांवर नांवें वेगळीं आहेत. नामपत्रावर पत्त्यांच्या मेजावरील कृत्रिम, डाव व छद्म अशा अर्थाचें लांबलचक नांव असून वेष्टनावर 'पत्त्यांच्या मेजावरील तज्ज्ञ' एवढेंच आहे, आणि याच आटोपशीर नांवानें ग्रंथ पुढें ओळखला गेला. पृष्ठें २०५, आकृति १०१, त्या एम्. डी. स्मिथ यांनीं प्रत्यक्ष हात पाहून काढल्या असें नामपत्र सांगतें. हस्तलाघववाचक इंग्रजी शब्द नामपत्रावर रूढ वर्णलेखनापेक्षां एक अक्षर कमी घालून छापला आहे, ही खूण संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी. ग्रंथ लेखकानें स्वतःच प्रसिद्ध केला. शिकागोच्या फ्रेडरिक ड्रेक या प्रकाशकाच्या आवृत्त्या १९०५ पासूनच्या आहेत.

ग्रंथाचे भाग दोन. पहिला जुगाराच्या मेजावरील कृत्रिमांचा, दुसरा जादूचा. पहिल्यांत खोटें पिसणें, खोटें काटणें, तळचें पान वाटणें, वरून दुसरें पान वाटणें, तळहातांत पान दडविणें, हवीं तीं पानें निवडून रचणें, इतके विषय आहेत. दुसऱ्यांत पानांचें रूपांतर व रंगमंचावरील खेळ, त्यांसोबतच्या भाषणासह. एकाच वेष्टनांत दोन धंदे आले आहेत. मग लेखक कोणत्या धंद्याचा?

प्रस्तावनेंत तो जें सांगतो तें त्या काळच्या रीतीच्या अगदीं विरुद्ध आहे. जुगाराचें कपट लिहिणारा प्रत्येकजण भोळ्या लोकांस सावध करणें हाच आपला हेतु म्हणून गळा काढतो. एर्डनेस त्या ढोंगाची थट्टा करतो. ग्रंथानें भोळा कदाचित् सावध होईल, धूर्त कदाचित् अधिक धूर्त होईल, पण निरपराधी मनुष्य त्यामुळें दुष्ट होणार नाहीं. ग्रंथ खपला म्हणजे मूळ हेतु साधला, कारण लेखकास पैशांची गरज आहे, असा त्याचा आशय आहे. ही उक्ति पुष्कळांस निर्लज्ज वाटली. आम्हांस ती साधन या नात्यानें मोलाची वाटते, तथापि तिच्यावर फार विसंबूं नये; प्रामाणिकपणाचा आव हाहि आवच असूं शकतो. खरा पुरावा ग्रंथाच्या आंत शोधला पाहिजे.

तो एका ठिकाणीं विशेष स्पष्ट मिळतो. प्रतिपक्ष्यानें जोड काटला म्हणजे रचलेलीं पानें मध्यें जातात. ते दोन भाग डोळा चुकवून पुनः पूर्ववत् करण्याच्या क्रियेस इंग्रजींत 'शिफ्ट' म्हणतात. आम्ही तिला पालट म्हणूं. जादूगारांचें सर्व शास्त्र त्या काळीं या पालटीवर उभें होतें, व जुगारीहि तीच वापरतात असा सार्वत्रिक समज होता. एर्डनेस पालटीचे अनेक प्रकार शिकवितो. त्यांतील तिहींस त्यानें आपल्या टोपणनांवाचा किंवा त्याच्या आद्याक्षरांचा शिक्काहि मारला आहे, दोहोंस पहिल्या भागांत व एकीस दुसऱ्या. असें असूनहि तो स्पष्ट लिहितो कीं, जुगाराच्या मेजावर खेळाच्या नित्य हालचालींत मिसळून जाईल अशी पालट अद्यापि कोणीं शोधलेलीच नाहीं. स्वतःच्या नांवानें मिरविलेली वस्तु तिच्या मुख्य जागीं निरुपयोगी आहे, हें तो स्वतःच्या हातानें नोंदवितो. ग्रीनच्या व्याख्यानांत असें वाक्य सांपडणार नाहीं. प्रात्यक्षिक विकणारास आपल्या मालाची मर्यादा सांगून चालत नाहीं. ज्यास मेजावरील व्यवहार ठाऊक आहे व तो लपविण्यांत कांहीं लाभ नाहीं, तोच असें लिहितो. म्हणून या वर्गाचीं साधनें तपासतांना निरुपयोगाची ही कबुली आम्ही मुख्य कसोटी मानतों.

दुसरें स्थळ याहून विचार करण्याजोगें आहे. जुगाऱ्याच्या गुप्त गोष्टींविषयीं लिहितांना तो सांगतो कीं, फाजील अभिमानानें पुष्कळ तज्ज्ञ बुडाले. इतक्या श्रमानें मिळविलेलें कौशल्य दाखविण्याचा मोह अनावर असतो. पण एकदां कोणापुढें हात दाखविला कीं त्या मंडळींत त्याचा धंदा संपला. यावरून असें निष्पन्न होतें कीं, चालू धंद्यांतील जुगारी प्रात्यक्षिक करूंच शकत नाहीं. जो करतो, त्यानें धंदा सोडला आहे किंवा तो त्या धंद्यांत कधींच नव्हता. जादूगारासहि ही अडचण वेगळ्या रूपानें आहेच. त्याचा प्रेक्षक पान अदृश्य झालें म्हणून आश्चर्य करतो. हात चपळ आहे असें मनांत येतांच जादू मावळते व कसरत उरते. म्हणजे जुगारी व जादूगार हे दोघेहि कौशल्य झांकतात, आणि तिसरा तें उघड करून त्याचेंच भांडवल करतो. एर्डनेसनें हा तिसरा मार्ग रंगमंचावर नव्हे, पण छापील कागदावर धरला, आणि तोहि नांव झांकून.

त्या नांवाचा शोध हें एक स्वतंत्र प्रकरणच झालें आहे. अक्षरें उलट वाचलीं असतां ई. एस्. अँड्र्यूज असें नांव निघतें. मार्टिन गार्डनर यांनीं १९४६ च्या सुमारास चित्रकार स्मिथ यांस हुडकून काढलें. स्मिथ यांस शिकागोंतील हॉटेलाची एक थंडगार खोली, सुमारें चाळीस वर्षांचा, ठेंगणा, अतिशय मृदु हातांचा एक गृहस्थ, व त्याचें व्यंगचित्रकार डॅलरिंपल यांच्याशीं असलेलें नातें, एवढें आठवत होतें. शंभरांवर आकृति आपण काढल्याचें मात्र त्यांस स्मरत नव्हतें. गार्डनर यांनीं मिल्टन फ्रँकलिन अँड्र्यूज या जुगाऱ्याचें नांव पुढें केलें. हा खुनाच्या आरोपावरून हवा असलेला मनुष्य १९०५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें पोलीस दाराशीं आले असतां सोबतिणीस गोळी घालून स्वतःहि मेला. याच मताच्या पुष्टीसाठीं १९९१ सालीं एक मोठा ग्रंथ निघाला. परंतु हा इसम सहा फुटांहून उंच होता, व १९०२ सालीं त्यानें तिशीहि ओलांडली नव्हती किंवा नुकतीच गांठली होती. प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष व ही जुळणी यांत उघड विरोध आहे. पुढें डब्ल्यू. ई. सँडर्स नांवाच्या खाणशास्त्रज्ञाचें नांव सुचविण्यांत आलें. एर्डनेसचीं अक्षरें फिरवून हें नांव बरोबर जुळतें, व जर्मन भाषेंत त्या शब्दाचा 'माती-नाक' असा अर्थ होतो, तोहि खाणवाल्यास शोभतो. एडविन समनर अँड्र्यूज हा रेल्वेचा नोकर आणखी एक उमेदवार आहे.

अक्षरांच्या जुळणीवरून कर्तृत्व ठरविण्याची पद्धत आम्हांस धोक्याची वाटते. नऊ अक्षरांच्या नांवास एकाहून अधिक मनुष्य जुळतात हें वर दिसलेंच. शिवाय ज्या मनुष्यास खुनी ठरवून ग्रंथकार म्हणावयाचें, त्याच्याविषयींचा पुरावा अधिक कसोशीनें पाहिला पाहिजे. खुनी जुगारी हा लेखक असला म्हणजे गोष्ट चटकदार होते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं. ग्रंथाची भाषा सुशिक्षित व ठसठशीत आहे. दुसऱ्या भागांतील रंगमंचाच्या भाषणांत लेखकास रस वाटतो हें उघड आहे. निव्वळ जुगाऱ्यास हा भाग लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें, व निव्वळ जादूगारास पालटीविषयींचें तें वाक्य सुचलें नसतें. यापलीकडे ग्रंथ स्वतः कांहीं सांगत नाहीं.

या ग्रंथाचा खरा वारस कॅनडांत निपजला. डाय व्हर्नन (१८९४-१९९२) यांचा जन्म ओटावाचा. त्यांचे वडील तेथें सरकारी नोकरींत असल्यामुळें पत्त्यांवरील एका विचित्र पुस्तकाची वार्ता आपणांस लहानपणींच लागली, असें ते सांगत. ग्रंथाची नोंद कॅनडांतहि करण्यांत आली होती, तिच्याशीं ही हकीकत जुळते. व्हर्नन यांनीं तो ग्रंथ जवळजवळ मुखोद्गत केला. त्यांनीं जादू हा मार्ग निवडला, पण साधनें जुगाऱ्यांकडून आणलीं. जोडाच्या मध्यांतून पान वाटणारा एक मनुष्य कोठें तरी आहे असें कॅन्सस प्रांतांतील विचिटा येथील तुरुंगांत एका कैद्याकडून ऐकून ते त्याच्या शोधास लागले, व १९३२ सालीं मिसूरी प्रांतांतील प्लेझंट हिल या गांवीं त्यांस अॅलन केनेडी भेटला. तळचें पान वाटणाराचें कौशल्य प्रतिपक्ष्यानें जोड काटतांच व्यर्थ जातें. मध्यांतून वाटणारास काटण्याचें भय नाहीं, व पालटीचीहि गरज नाहीं. एर्डनेसनें १९०२ सालीं जो प्रश्न सुटला नाहीं म्हणून लिहून ठेवला, त्याचें उत्तर एका लहान गांवांतील जुगाऱ्याच्या हातांत होतें, आणि तें त्यानें कोठेंहि लिहिलें नव्हतें.

परंतु केनेडीची ही चाल रंगमंचावर दाखविली तर प्रेक्षकांस काय दिसेल? एक मनुष्य पत्ते वाटीत आहे, एवढेंच. ती जितकी निर्दोष तितकी अदृश्य. तिचें प्रदर्शन करावयाचें तर आधीं सांगावें लागतें कीं आतां मी मध्यांतून पान काढीत आहें. आणि असें सांगून प्रत्यक्षांत वरचेंच पान वाटलें तरी प्रेक्षकांस भेद कळणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांस जुगाराच्या लबाड्या दाखवीत फिरणारे जॉन स्कार्न (१९०३-१९८५) यांच्या कार्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. पण अशा प्रात्यक्षिकांतून सैनिक काय शिकले व कशास भुलले, हें निवडून काढणें कठीण आहे. केनेडीसारख्याची माहिती आज आपणांस आहे, ती दुसऱ्या तज्ज्ञानें त्याच्या घरीं जाऊन पाहिली म्हणून.

जातां जातां आपल्याकडील गंजिफांविषयीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचा १२० पानांचा जोड ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तो हातीं घेऊन पाहावा. पान वाटोळें, त्यास कोपरा नाहीं, लांब बाजू नाहीं, आखूड बाजू नाहीं. एर्डनेसच्या ग्रंथांतील ज्या चाली पानाचा कोपरा बोटानें दाबून किंवा तें तिरकें सरकवून होतात, त्या येथें जशाच्या तशा चालणार नाहींत. गंजिफेंत कपट होतच नसे असें यावरून कोणीं समजूं नये. असल्यास त्याची रीत वेगळी असली पाहिजे, एवढेंच. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या दप्तरांत गंजिफांच्या खेळाचे नियम, हारजितीचे तंटे किंवा हातचलाखीच्या युक्त्या लिहिलेलें बाड असल्यास त्यांनीं त्याची नक्कल करून ठेवावी, व अमुक युक्ति बैठकींत चालत नाहीं असें त्यांत कोठें म्हटलें असल्यास तो मजकूर मूळ शब्दांतच उतरून घ्यावा.